हिरव्या खुणेचा घोळ

नूतनच्या ऑफिसात आलेली दीप्ती खुर्चीवर टेकलीच नाही. "मॅडम, पुनाराम ड्रायव्हर दवाखान्यात आहे. मालक म्हणतात, मी शिकवलेल्या ॲपनंच घात केला. मले आजच काढून राह्यले."

उकव्याच्या खाणीवर कामगार नेणाऱ्या तिच्या बस कंपनीत सगळी कामं आता ॲपवर पडत. सोमवारी पुनारामनं तक्रार टाकली : ब्रेक नीट लागत नाहीत. दुपारी त्या तक्रारीसमोर हिरवी खूण आली, म्हणजे काम झालं. मंगळवारी बस झाडावर आदळली. खूण जुने कारकून दुलीचंदबाबू यांच्या नावानं होती.

गुप्तहेर नूतन वासनिक दीप्तीला घेऊन तडक कंपनीच्या कचेरीत पोचली. तिच्या मदतनीसाचा, महेंद्रचा, संशय मेकॅनिक लोकेशवर होता.

"जेवून आलो तर काम यादीतून गायब," लोकेश तडकला. "बाहेर दुरुस्त केलं असंल, समजलो."

दुलीचंदबाबूंच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. "हौ, खूण मीच केली. लिहून घ्या."

"करून दाखवा." नूतननं फोन पुढे केला.

बाबूंनी फोन उलटसुलट करून पाहिला. "चष्मा नाही आणला." चष्मा नाकावरच होता.

शेजारच्या टेबलावरून तरुण कारकून साधना घाईनं म्हणाली, "बाबूजींची एकही सूचना वाचायची राहत नाही, मॅडम. पाहा, सगळ्यांवर खूण आहे."

खरंच होती. येत्या शुक्रवारच्या बैठकीच्या सूचनेवरही. महेंद्रनं ते पाहिलं, पण त्याला काही उमगेना. तो नुसताच येरझाऱ्या घालत राहिला.

नूतननं मालकांना बोलावलं.

"शुक्रवारची बैठक आजच कशी झाली? खूण करणाऱ्याला 'झालं' नाही, 'वाचलं' म्हणायचं होतं. बाबूंना तर खूण करताच येत नाही. त्यांच्या सूचना कोण वाचतं? साधना, खूण म्हणजे वाचलेली सूचना, हे तूच सांगितलंस."

साधना रडू लागली. "ॲप शिकणार नाही तो घरी जाईल, म्हणाले मालक. मले इथं बाबूजींनीच लावलं. म्हणून त्यांच्या फोनवर खुणा मीच करत होते."

"पोरीले काही बोलू नका," बाबू पुटपुटले.

"खुणेचा अर्थ शिकवला नव्हता?" महेंद्रनं दीप्तीला विचारलं.

"तीन दिवस मागितले होते. एक तास मिळाला." ती थांबली. "तरी समजलं का, हे मी पुन्हा विचारायला पाहिजे होतं."

"ते नंतर," नूतन म्हणाली. "बाबूंच्या नावानं आणखी कोणत्या तक्रारीवर खूण आहे?"

दीप्तीचं बोट भराभर सरकलं आणि थबकलं. "परसवाड्याची बस. स्टिअरिंग. अर्ध्या तासापूर्वी निघाली!"

मालकांनी त्या बसच्या ड्रायव्हरला फोन लावला. दोनदा नुसतीच घंटी वाजली.

"नथ्थू, गाडी बाजूले घे! सगळ्यांले उतरव!"

मालकांनी फोन स्पीकरवर टाकला. मग फोनमधून आवाज आला, "उतरले, साहेब. सगळे उतरले. काहून, काय झालं?"