आज त्याचं ताट आमच्याकडं

जालन्याला मी नुसता सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवायला गेलो होतो. येताना स्टेशनाबाहेर मेथीची जुडी घ्यायची, असंही मनात होतं. डॉक्टर म्हणाले, डाव्या अंडकोषात गाठ आहे, कॅन्सरचा संशय आहे. तो काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. मेथी राहूनच गेली.

माझी बायको गोदावरी वारून तेव्हा वर्ष होत आलं होतं. बदनापूरच्या ह्या घरात मी एकटा. दुखणं अवघड जागेचं, सांगणार कुणाला? शेजारच्या बद्रीनाथला तेवढं सांगितलं आणि कुणाजवळ बोलू नको म्हणून बजावलं. दिवेलागणीला सगळी गल्ली माझ्या ओसरीवर!

"मास्तर, घाबरायचं बिलकुल न्हाई," किराणावाले हीरालालशेठ म्हणाले. "भगवानानं दोन कशाला दिले? एक स्टेपनी असते."

बायका पदराआड हसल्या. मीही हसलो. गोदा गेल्यापासून त्या ओसरीवर कुणी हसलं नव्हतं.

शेठजींनी ऑपरेशनला जायला गाडी द्यायचं कबूल केलं. बद्रीनाथ म्हणाला, "तुमाला उपाशी नेणार ना? मंग तुमी बाहेर येईस्तोवर गल्लीत एक बी चूल पेटणार न्हाई. आमी बी उपाशी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गल्लीत चुली कधी बंद ठेवतात, हे त्या मायेच्या भरात कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. ज्यांना सुचलं असतं त्या सगुणामावशी, बद्रीनाथची आई, तेव्हा शेतावर मुक्कामाला होत्या.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं शरीर जणू कुणी उचलून नेलं. छातीपुढे हिरवा पडदा. पलीकडे चिमट्यांचा बारीक आवाज. डोळ्यांवर झापड येत होती, आणि तेव्हा तो वास आला. तापल्या तेलाचा, ओव्याचा. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा. मी परगावाहून यायचा असलो की गोदा ह्याच पुऱ्या करायची.

"डॉक्टर... जवळ कुठं तळण चाललंय का?"

"भूक लागली वाटतं मास्तरांना," भूल देणारे डॉक्टर उशाशी हसले.

वास दाट होत गेला. औषधांचा वास त्यात बुडाला. मला वाटलं, उठावं. ताट वाढलंय, गार होतंय, कुणीतरी खोळंबलंय. पाय नव्हते, तरी मी निघालो होतो... यंत्र टीटी करू लागलं. "मास्तर, डोळे उघडा. माझ्याशी बोला!" डॉक्टरांचा आवाज फार लांबून येत होता.

मग कुणी दार लोटावं तसा तो वास एकदम तुटला.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण पसरलेली नव्हती. आता तपासण्या करत राहायचं, एवढंच. गल्लीत पेढे वाटले. आणि सगुणामावशींचं ताट सुरू झालं, दुपारी आणि संध्याकाळी.

"मावशी, मला स्वयंपाक येतो हो."

"येत आसंल. गप जेव."

मी पहिला घास घेईपर्यंत त्या उंबऱ्यावरून हलत नसत. मला वाटायचं, माया. मायाच होती ती.

आज दुपारी त्या लेकीच्या बाळंतपणाला आष्टीला गेल्या. निघण्याआधी माझ्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या.

"त्या दिशी मी शेतातून आले, तर गल्लीत फोडणीचा वास न्हाई. सुनेला इचारलं. म्हन्ली, मास्तरसाठी चुली बंद हायेत. म्हन्लं, मेल्यांनो, चुली मयताच्या दिशी बंद ठिवत्यात! जित्या माणसाचं सुतक धरलं का? तेवढ्यात तुझ्या घरातून तळणाचा वास आला. कुलूप तर जसंच्या तसं."

मी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"मागच्या खिडकीशी गेले. आत अंधार. कढई चुरचुर करून राह्यलेली. म्हन्लं, गोदे...? तर म्हन्ती, 'बसा मावशी, होतच आलंय. हे येतायत ना.' चुली बंद दिसल्या अन् तिला वाटलं, तू निघालास तिच्याकडं."

"मग?"

"मग काय! म्हन्लं, गोदे, आज त्याचं ताट आमच्याकडं हाय. तू नको खोळंबू." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "कढई थांबली. मंग म्हन्ली, 'बरं. मंग उद्या?'"

"रागानं?"

"न्हाई रे लेकरा. लाडानं."

म्हणून तुम्ही सहज डोकावलात तर म्हटलं, ताट येईपर्यंत जरा बसा. बद्रीची बायको ताट आणणार आहे. मावशी तिला दहादा सांगून गेल्यात. दिवे लागले, अजून ती आलेली नाही. तुम्ही यायच्या जरा आधी मी आतल्या अंधाराकडे तोंड करून म्हणालो, "गोदा, आज बद्रीच्या घरून ताट येतंय." एवढं म्हणायलाही मला फार जड गेलं.

आत पाट मांडल्याचा आवाज झाला.

मग शेजारी दुसरा.