चौथ्या मजल्यावरचा घाट

"आठ बाय चारचा अख्खा घाट चोरीला गेला," शुभदा म्हणाली, "आणि हे म्हणतात, पोलीस आहेत की, डिटेक्टिव्ह कशाला? म्हणून मीच तुम्हाला बोलावलं."

सुमनताईंनी रावेतच्या त्या फ्लॅटबाहेर चपला काढल्या. गाड्यांच्या सुट्या भागांत वीस वर्षं खोट काढल्यावर त्यांनी माणसांतली खोट काढायचा धंदा सुरू केला होता. माणसांबद्दलचं त्यांचं मत सुट्या भागांपेक्षाही वाईट होतं. मदतनीस गणराज पाठोपाठ आत आला.

मागच्या खोलीत शुभदाचा नवरा मधुसूदनराव दिवाणावर बसले होते. चाकणच्या एका कंपनीतून प्लॅनिंग हेड म्हणून निवृत्त. पाहुणे आले तरी ते उठले नाहीत. समोर छोट्या रेल्वेचे तीन भाग मांडले होते: स्टेशन, यार्ड आणि पूल.

"हे खेळणं..." गणराजने सुरुवात केली.

"मॉडेल म्हणायचं. चार सुटे भाग. बोल्ट काढा, टेम्पोत टाका, वीस मिनिटांत प्रदर्शनात हजर. उद्या चिंचवडला माझं प्रात्यक्षिक आहे, कुठेही नेता येईल अशा रेल्वेचं. नियोजन माझं, चूक सापडणार नाही. चौथा भाग घाटाचा. पायथ्यापासून शिखरापर्यंत तीन फूट! याच खोलीत उभा केला मी."

"आणि नेला कुणी?" सुमनताईंनी विचारलं.

"ज्योतीरामने. महाळुंग्याचा सुतार. काल दुपारी घाटाला पाय बसवायला आला होता. मी तासभर बाहेर गेलो. परतलो तर तोही नाही आणि घाटही नाही. या लोकांना घरात घ्यायचीच सोय नाही."

सोसायटीचा कॅमेरा महिनाभर बंद होता, दुरुस्तीवरून कमिटीचं भांडण होतं. कमिट्यांकडून सुमनताईंची वेगळी अपेक्षा नव्हतीच.

"तुम्ही कुठे होतात?" त्यांनी शुभदाला विचारलं.

"दिवसभर दिघीला, बहिणीकडे. आले तर खोली लख्ख. ह्यांनी चक्क झाडू मारला होता, तीस वर्षांत पहिल्यांदा!"

"पसारा खपत नाही मला," मधुसूदनराव गुरगुरले.

सुमनताईंनी खिडकीचं ग्रिल हलवून पाहिलं. ते घट्ट होतं. मग टेप काढून त्यांनी खोलीच्या दाराची चौकट आतून मोजली. बत्तीस इंच.

खाली गेटवर सिक्युरिटीने ज्योतीरामला अवजारांच्या पेटीसकट बसवून ठेवलं होतं. संध्याकाळी पोलिसांत तक्रार जाणार होती.

"या सोसायटीत अकरा घरांचं काम हाय माझं, ताई," तो म्हणाला. "चोर म्हणून नाव झालं तर एक बी दार उघडणार न्हाई."

"घाट कुणी बांधला?"

"सांगाडा नि प्लाय म्या आणलं, सुटं सुटं. वरचा डोंगर सायबांनीच रचला, थर्माकोल चिकटवून. म्या म्हनलं, डोंगर येगळा निघंल असा ठिवा. तर म्हनले, तू सुतार हायस, सुतारकीचं बघ. काल पाय बसवून अर्ध्या तासात निघालो. घाट तवा जागेवर व्हता."

"ताई, टेम्पो शोधायला हवा," गणराज हळूच म्हणाला.

"शोध. तेवढं तुला जमेल."

ज्योतीरामला घेऊन त्या वर आल्या; टेम्पोचं सोडून गणराजही मागोमाग आला. मधुसूदनराव अजून दिवाणावरच होते.

"घाट चार फूट रुंद, तीन फूट उंच," सुमनताई म्हणाल्या. "आडवा धरा, नाहीतर कुशीवर करा, छत्तीस इंचांखाली येत नाही. दार बत्तीस इंचांचं. खिडकीला ग्रिल. मग चोराने नेला कुठून?"

"म्हणजे गेलाच नाही?" गणराजने विचारलं.

"जाऊच शकत नव्हता. प्लॅनिंग हेडसाहेबांनी दार मोजलं ते प्रदर्शन दोन दिवसांवर आल्यावर. चूक कबूल करायची तर जीव जातो. चोरी झाली म्हटलं की चूक दुसऱ्याची. मग यांनी स्वतःच करवत चालवली, आणि थर्माकोलचा चुरा बायकोला दिसू नये म्हणून झाडूही धरला. आता उठा. आम्ही आल्यापासून तुम्ही तिथून हललेला नाहीत."

ते उठले. शुभदाने दिवाणाची फळी उचलली. आत हिरव्या डोंगराचे तुकडे कोंबले होते, एका तुकड्यात अर्धा बोगदा होता. तिला नवऱ्याची शरम वाटली आणि तिने ती लपवली नाही.

"प्रदर्शनात मात्र चोरीच सांगू या," मधुसूदनराव पुटपुटले. "माझी काही प्रतिष्ठा आहे."

ज्योतीराम तुकड्यांकडे बघतच नव्हता. तो दाराशी जाऊन चौकटीवर बोटं फिरवत होता.

"ही चौकट काढली असती तर सदतीस इंच मिळालं असतं, सायेब," तो म्हणाला. "दोन तासांचं काम. सांगितलं असतं तर म्या फुकट केलं असतं."