न मारलेले ठोके

पुलांची तब्येत तपासणाऱ्या संस्थेत सगळे तिला ठोकबाई म्हणत. बाजारात कलिंगडसुद्धा ती मोठ्या थाटात वाजवून घेई. काँक्रीटवर हातोडीने ठोकायचं आणि ऐकायचं; आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ. आपला कान चुकत नाही याचा तिला तोराही होता.

सकाळचे दहा वाजले होते. चार नंबरच्या खांबावर तिचा धाकटा भाऊ दोराला लटकला होता. संस्थेची दोरावरची कामं तोच करी. खाली ती एका हातात वही आणि दुसऱ्या हातात त्याच्या दोराचं टोक धरून उभी होती आणि पुलावरून बसगाड्या धडधडत जात होत्या.

गेल्या वर्षी इथे ऊन मी म्हणत होतं. शेजारचा खांब ठणठणीत निघाला, हाही त्याच्याबरोबरच ओतलेला, मग काय फरक पडणार? तिने हा खांब न ठोकताच टेबलाशी बसून चाळीस ठोक्यांच्या नोंदी लिहून टाकल्या आणि पूल सुरक्षित ठरला. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. आज गुपचूप निस्तरायचं, म्हणून तिने भावालाच आणलं होतं.

"ताई, पलीकडून कोण ठोकतंय गं?"

"कोणी नाही. तू सुरू कर."

"अगं, मी हातोडी अजून काढलीच नाहीये!"

ठक्. आता तिलाही ऐकू आलं. बसचा हादरा असेल, असं तिने मनाला समजावलं. पण ठोके डावीकडून उजवीकडे सरकत होते, वीतवीतभर अंतराने, दर तिसऱ्या ठोक्याला जरा थांबून. असं फक्त तीच ठोकायची.

"खाली ये! आत्ताच्या आत्ता!"

पुढचा ठोका घणासारखा बसला. काँक्रीटची ढलपी उडून भावाच्या तोंडावर आदळली. त्याच्यापुढचा आतून आला. गंजकी सळई खांब फोडून बाहेर पडली आणि त्याची मांडी फाडून गेली. तो गुरासारखा ओरडला.

तिने दोर सैल सोडला. तळहात सोलून निघाले. तो रक्तबंबाळ होऊन खाली आला, तरी वर ठोके पडतच होते.

चाळीस झाले आणि थांबले.

पूल बंद झाला. भाऊ वाचेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली आणि तिथे आलेल्या संस्थेच्या सरांना सगळं सांगून मोकळी झाली.

"असं आणखी कुठे केलंयस?" सरांनी विचारलं.

"एकाच ठिकाणी. आमच्याच इमारतीत. घरचंच काम, म्हणून हातोडी बाहेरच काढली नाही."

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"अगं, मघापासून कोणीतरी ठोकतंय. दार उघडलं तर बाहेर कोणीच नाही. स्वयंपाकघरातल्या खांबातून येतोय वाटतं आवाज."

"आई, बाहेर पड! आधी बाहेर पड!"

"ओरडतेस काय? थांब जरा, कान लावून बघते."