दोन रिमोट, एक गाणं

फाटकातून एका वेळी एकच माणूस आत जाईल एवढी जागा होती, आणि आम्ही दोघं एकदमच शिरलो. माझ्या हातात इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारा नवाकोरा डबा, त्याच्या हातात डिस्क प्लेअरचं जुनं खोकं. दोन्ही एकमेकांवर आपटले.

“जरा जपून,” मी म्हटलं. “नाजूक वस्तू आहे.”

“हो का? इतकी हलकी, मला वाटलं बिस्किटांचा पुडा आहे,” तो म्हणाला. “आमच्या वस्तूला निदान वजन तरी आहे.”

“वजन दगडालाही असतं.”

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा किंचित बारीक व्हायचा... हे माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याचा रागही आला.

घर लोला मेडिंगचं. फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहराच्या जारो भागात तिला न ओळखणारा माणूस नाही. लोला म्हणजे आजी; आम्ही लहानथोर सगळे तिला लोलाच म्हणतो. जेवणघरातलं टेबल हलवून तिने एका भिंतीवर हा मोठा पडदा टांगला होता. कॅनडातल्या लेकीने फोन केला माझ्या बाबांच्या दुकानात, म्हणून मी आले. मनिलातल्या लेकाने फोन केला रोडेल सोरोंगोनला, म्हणून तो आला. बहीणभावाने एकमेकांना विचारलंच नव्हतं.

“बरं झालं,” लोला म्हणाली. “रविवारी दुपारी माझा वाढदिवस. अठ्ठ्याहत्तरावा. वीस माणसं येतील. ज्याचा सिनेमा चांगला दिसेल त्याचं यंत्र इथे राहील, दुसऱ्याने आपल्या वायरी गुंडाळायच्या. चर्चच्या सभागृहातही पडदा लावायचाय, ते कामसुद्धा जिंकेल त्याचं. फादर माझ्या शब्दाबाहेर नाहीत.”

“आणि सिनेमा कोणता?” मी विचारलं.

लोला पदर नसताना पदर सावरल्यासारखी लाजली.

अठराव्या वर्षी ती चर्चमध्ये गायची. तेव्हा मनिलाची सिनेमावाली मंडळी चित्रीकरणासाठी इथे आली होती. नायिकेचा घसा बसला आणि तिचं गाणं लोलाने म्हटलं. नाव मात्र कुठेच आलं नाही. सिनेमा आठवडाभर चालला आणि गायब झाला.

“साठ वर्षं ही थाप ऐकतेय मी,” कोपऱ्यातून तिची नणंद, लोला चोलिंग, पंखा हलवत म्हणाली.

“थाप नाही गं. दुसऱ्या कडव्यात मी चुकले होते. मनिलाच्या तागालोग भाषेतलं ‘माहाल’ म्हणायचं, तर तोंडातून आपल्या इथलं ‘पालांगा’ निघून गेलं. प्रियकराला असं आपणच म्हणतो. मनिलाची बाई मेली तरी हा शब्द म्हणणार नाही.”

“दाखव मग,” चोलिंग म्हणाली.

योगायोग असा, की सिनेमा आम्हा दोघांकडेही निघाला. माझ्या डब्यावर नवीन साफसफाई केलेली प्रत होती. रोडेलकडे वडिलांच्या, सिनेमे भाड्याने देणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या दुकानातली एक जुनी डिस्क.

शनिवारी सकाळी आम्ही दोन्ही लावून पाहिलं. आधी माझं. नायिकेच्या झग्याची वीण मोजता येत होती. मग त्याची डिस्क लागली, आणि भिंतभर पडद्यावर सगळे चेहरे विरघळून गेले.

“हा नायक आहे, की पेजेतलं शीत?” मी विचारलं.

“लांबून आणि प्रेमाने बघा. दिसेल.”

“किती लांबून?”

“तुम्ही इतक्या जवळ बसलात तर मलाही काही दिसणार नाही,” तो म्हणाला, आणि एकदम वायर शोधायला खाली वाकला. त्याचे कान लाल झाले होते. माझेही गरम झाले... पण माझे केसांखाली होते.

तो बाचोय, म्हणजे आमच्याकडचं नूडल्सचं गरम सूप, खायला बाहेर गेला. जिंकल्यातच जमा, असं म्हणत मी माझी प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून घेतली. नायिका खिडकीशी येते, खिडकी उघडते, आणि—पुढच्या क्षणी ती बाजारात असते. मी मागे नेलं. पुन्हा तेच. मूळ रीळ तिथे खराब झालं असावं. साफसफाई करणाऱ्यांनी तो भाग सरळ काढून टाकला होता. अख्ख्या सिनेमात गाणंच नव्हतं.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? वीस माणसांनी लखलखीत चित्र पाहिलं असतं, आणि सभागृहाचं काम आमच्याकडे आलं असतं. बाबांना ते हवंच होतं.

रोडेल परत आला तेव्हा त्याच्या हातात झाकलेला वाडगा होता. “तुमच्यासाठी. हाडातला मगज जास्त घालायला सांगितलंय.”

“माझ्या प्रतीत गाणं नाहीये,” मी म्हटलं.

मग हळूच त्याने वाडगा माझ्यासमोर ठेवला.

“मला कशाला सांगितलंस? गप्प बसली असतीस तर जिंकली असतीस, जोवेलिन.”

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

“आणि लोला? ती गाण्याची वाट बघत बसली असती. शेजारी चोलिंग. मला ते बघवलं नसतं.”

“माझ्या डिस्कवर गाणं पूर्ण आहे,” तो म्हणाला. “पण दोन तास ती पेज कोण बघणार? दहाव्या मिनिटाला लोक जेवायला उठतील.”

मी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यानेही तेच केलं.

“खिडकीपर्यंत तुझं,” तो म्हणाला.

“गाणं तुझं. मग पुन्हा माझं,” मी म्हटलं.

वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना पडदा तीन सेकंद काळा व्हायचा. म्हणजे नायिका खिडकीकडे वळली की मी बटण दाबायचं, मनात तीन मोजायचे, आणि तिसऱ्याला रोडेलने थांबवून ठेवलेली डिस्क सोडायची. पहिल्यांदा गाण्याची सुरुवात गेली. दुसऱ्यांदा नायिका दोनदा वळली. सातव्या वेळी मी मोजत असताना त्याने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

“हे कशाला?”

“तुझे आकडे मनातले मनात असतात. मला कसे कळणार?”

“मी मोठ्याने मोजते की.”

“नको,” तो म्हणाला. “असंच बरं आहे.”

आठव्या वेळी जमलं. तरी आम्ही आणखी चारदा सराव केला.

रविवारी विसाची तीस माणसं झाली. मी सगळ्यात मागे, रोडेल शेजारी, दोघांच्या हातात एकेक रिमोट. पडद्यावर नायिका खिडकीकडे वळली. मी बटण दाबलं. काळोख... एक, दोन... त्याची बोटं माझ्या मनगटावर... तीन.

चित्र धूसर झालं. “बिघडलं वाटतं,” कुणीतरी म्हणालं. आणि मग आवाज आला. कोवळा, जरासा घाबरलेला, पण सरळ छातीत शिरणारा. बोलणं आपोआप थांबलं. पुढच्या रांगेत लोला मेडिंग खुर्चीचा हात धरून उभी राहिली. दुसरं कडवं सुरू झालं, आणि साठ वर्षांपूर्वीच्या त्या मुलीने, मनिलाच्या नायिकेच्या तोंडून, अगदी स्पष्ट म्हटलं, “पालांगा.”

चोलिंगच्या हातातला पंखा थांबला होता. ती सावकाश उठली, मागे वळून तिने सगळ्यांकडे पाहिलं, जणू या गोष्टीला थाप आम्हीच म्हणत होतो.

“ऐकलंत ना?” ती दरडावून म्हणाली. “माझी भावजय आहे ती.”

मग टाळ्यांनी घर असं दणाणलं, की शेजारचेही धावत आले. गाणं पुन्हा लावावं लागलं, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी लोला स्वतःच बरोबर गायली. आवाज फाटला, तिला पर्वा नव्हती. चोलिंग दर खेपेला “आता ऐका हं, आता” असं सगळ्यांना बजावत होती.

“निकाल?” रोडेलने विचारलं.

“कसला निकाल?” लोला डोळे पुसत म्हणाली. “दोन्ही राहू देत. आणि सभागृहाचं कामही दोघांनी मिळून करा.”

आम्ही मागच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता.

“सभागृहाचं काम किती दिवसांचं असेल?” त्याने विचारलं.

“दहा.”

“मी सावकाश करीन,” तो म्हणाला. “वायरी ओढायला मी फार वेळ घेतो. पंधरा दिवस सहज...”

“रोडेल, दहा दिवसांतच संपव.”

त्याचा चेहरा पडला. मला एवढंसुद्धा सहन होईना.

“काम संपल्यावरही मी भेटणारच आहे,” मी म्हटलं. “मला तू आवडतोस. त्यासाठी वायरी कशाला लांबवायच्या?”

तो माझ्याकडे बघत राहिला. डावा डोळासुद्धा बारीक करायचा विसरला. मग म्हणाला, “हे मी म्हणणार होतो. काल संध्याकाळपासून आरशासमोर बसून...”

“म्हण की मग.”

त्याने म्हटलं. ते मी कुणाला सांगणार नाही.

आतून हाक आली, गाणं चौथ्यांदा हवं होतं. आम्ही उठलो, आत गेलो. तीस माणसांनी वळून पाहिलं तेव्हा माझा हात त्याच्या हातात होता. सोडायला वेळ होता. मी सोडला नाही.