काचेवरचा पडदा

"पडदा चोरीला गेलाय," मुलगा म्हणाला, आणि भाऊजींना हसू आवरेना.

भाऊजी दातांचे डॉक्टर. पण दवाखाना बंद करून गुप्तहेर वहिनींच्या मागे हिंडायची त्यांना भारी हौस. वहिनींनी त्यांच्याकडे बघून डोळे वटारले.

"कॉलेजात आमचं मंडळ आहे, काका. समलिंगी मुलामुलींचं. आज संध्याकाळीही जमणार होतो. दारावर पाटी नाही, खिडकीच्या काचेवर नुसता पडदा. त्याच्याच आधारावर मुलं येतात. चोराला आमचं सगळं कळलं असणार. त्यानं माझ्या आईला सांगितलं तर? ती तिथेच वरच्या मजल्यावर नाटकाचे कपडे शिवते. तिला ते माझ्याकडूनच कळायला हवं. माझीच हिंमत होत नाही."

वहिनींनी चपला घातल्यासुद्धा.

मंडळाच्या खोलीत पडद्याचा दांडा जागेवर होता. कड्या खिडकीत ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला कापलेल्या दोऱ्याचं टोक. चौकटीवर वर-खाली निळ्या खडूच्या बारीक रेघा.

"खडू!" भाऊजींनी चुटकी वाजवली.

शेजारच्या वर्गातले गणिताचे सर पांढरे हात झटकत खेकसले, "मला त्यांच्या खिदळण्याचा त्रास होतो, पडद्याचा नाही!"

"किल्ली खिळ्यावरच असते," वॉचमन म्हणाला. "कुणीही उचलतं."

वरच्या मजल्यावर मुलाच्या आईनं शिवणयंत्र थांबवलंही नाही. "ते जुनेर कोण नेणार? संध्याकाळी मुलं जमायच्या आत सापडेल बघा."

"सरच!" जिन्यात भाऊजी म्हणाले. "खडू, वर खुन्नस."

वहिनी उलट पावली वर गेल्या आणि आईलाच घेऊन खाली आल्या. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊजींना त्याची फार कीव आली.

"घाबरू नकोस," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, चोर पडदा कड्यांसकट ओढून नेईल. इथे टाके कात्रीनं उसवलेत, कड्या जपून ठेवल्यात. म्हणजे पडदा परत येणार होता. फळ्याचा खडू पांढरा, रेघ जाड. ही बारीक निळी रेघ शिंप्याच्या खडूची, माप घेतल्याची. आणि दारावर पाटी नसताना, मुलं इथे संध्याकाळी जमतात हे यांना कुणी सांगितलं?"

आईनं पिशवीतून पडदा काढला. तोच पडदा, पण आतून जाड अस्तर लावलेला.

"दिवा लागला की बाहेरून सगळं दिसायचं रे," ती म्हणाली. "मला तू त्या सप्तरंगी झेंड्याखाली दिसलास, तसा कुणालाही दिसला असतास. गुपचूप लावून टाकणार होते."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. आत किती मोकळा हसत होतास! घरी असा हसत नाहीस. त्याचं वाईट वाटलं, बाकी कशाचं नाही."

भाऊजींनी चष्मा पुसायला घेतला.

"आई, मी..."

"थांब. आधी स्टूल धर, कड्या अडकवू दे. मग पहिल्यापासून सांग. मला सगळं तुझ्याच तोंडून ऐकायचंय."

त्यानं दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.