खारट दगड

बाबा दगड चाटतात हे आमच्या घरात कुणाला नवीन नव्हतं. जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलेला माणूस. ओला झाला की दगडाचा पोत उठून दिसतो आणि जीवाश्म आहे की नुसताच खडा, ते लगेच कळतं, असं त्यांचं म्हणणं. "मग पाण्याची बाटली कशाला दिलीय?" असं विचारलं की म्हणायचे, "ती प्यायला."

मी संग्रहालयात नमुने साफ करते. आई गेल्यापासून दर रविवारी सकाळी आम्ही दोघं नदीकाठच्या दरडीवर जायचो. पुराने दरड कापली की पिवळट थरातून दगड झालेल्या समुद्री गोगलगायी बाहेर पडतात, अंगठ्याएवढ्या, पीळदार. इथे समुद्र होता, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वी. आता तो गाडीने दिवसभराच्या अंतरावर आहे.

त्या रविवारी बाबांनी एक गोगलगाय जिभेला लावली आणि थबकले.

"खारट आहे."

"मातीत क्षार असतील."

"तसं नव्हे गं. ताजं खारट."

मीही चाटून पाहिली. दगडाची चव लागली, म्हणजे कसलीच नाही.

घरी आल्यावर त्यांना चहा खारट लागायला लागला, मग साधं पाणीही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. बुधवारी मी कामावरून आले तर बाबांनी खालच्या कप्प्यातली सगळी पुस्तकं वरच्या फळीवर चढवली होती. शुक्रवारी ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जेवणाच्या टेबलावर बसले होते. फरशी कोरडी ठणठणीत.

"पाणी चढतंय," ते म्हणाले, पेपरातली बातमी सांगावी तसं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मला भीती वाटली ती बाबांचं भान सुटत चालल्याची. त्यांच्याशिवाय मला कुणीच नव्हतं.

मी ठरवलं, त्यांना पुन्हा तिथेच न्यायचं. कोरडी जमीन डोळ्यांनी बघितली की पटेल. आधी पुरावा बघ, मग बोल, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

काठावर लख्ख ऊन होतं. नदी खूप खाली, आटलेली. मी मूठभर माती उचलून सोडली. ती सरळ खाली पडली.

"बघा बाबा. नुसती धूळ आहे."

ते हसले, वर्गातल्या ढ मुलीकडे बघून हसावं तसे. चष्मा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि दोन पावलं पुढे गेले.

त्यांचे विरळ पांढरे केस वर उठले आणि सावकाश डुलू लागले. वारा नव्हता.

"बाबा, घरी चला."

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट घट्ट धरलं. ओढलं. हाताला वजनच लागेना.

मी खाली पाहिलं.

त्यांचे बूट आणि जमीन यांच्यामध्ये वीतभर ऊन होतं.