आईच्या मसाल्यातली भेसळ

चंद्रावरच्या वसाहतीत शाळकरी पोर एकच, ऋजुता. बाबा दिवसभर बर्फाच्या खाणीवर असायचे आणि आई मागच्या वर्षी वारली होती. बोलायला उरला प्रयोगशाळेतला यंत्रमानव. त्याला ती ठोकळोबा म्हणायची आणि तो बिचारा ते निमूट चालवून घ्यायचा.

ऋजुतापुढे एक कोडं होतं. आईने केलेला गोडा मसाला डब्याच्या तळाशी जेमतेम उरला होता. म्हणून तिने कोठारातले धणे, तीळ, खोबरं, दालचिनी भाजून आठवेल तसा नवा मसाला केला. पण आमटीला आईच्या आमटीचा वास काही केल्या येईना. त्यात दगडफूल राहिलंय एवढं तिला ठाऊक होतं. कोठाराचं यंत्र मात्र दरवेळी सांगायचं, की या नावाचं फूल पृथ्वीवर कुठेच फुलत नाही. आईच नाही, मग विचारायचं कुणाला? मसाला संपला की आईचा वासही संपणार, या धास्तीने ती तो वापरतच नव्हती. नुसता डबा उघडून हुंगायची. भारी एकटी पडली होती हो पोर.

शेवटी मन घट्ट करून ती डबा घेऊन ठोकळोबाकडे गेली. त्याने फक्त चिमूटभर मसाला मागितला, तरी तिने बोटांच्या टोकांत मावेल एवढाच काढून दिला.

वास बाहेर काढायला द्रावक (ज्यात दुसरा पदार्थ विरघळतो तो) लागतो, असं ठोकळोबाने समजावलं. पूर्वी हेक्झेनसारखे, पेट्रोलच्या जातकुळीतले द्रावक सर्रास वापरत. पण त्यांची वाफ घातक, आणि इथे खिडकी उघडायची सोय नाही. म्हणून लागतो हरित द्रावक (माणसाला आणि निसर्गाला अपाय न करणारा). इथे तो म्हणजे आपण उच्छ्वासातून सोडतो तोच कार्बन डायऑक्साइड. हवा शुद्ध करणारं यंत्र तो टाकीत साठवतंच.

"वायूत मसाला विरघळतो? काहीही सांगतोस," ऋजुता म्हणाली.

"नुसत्या वायूत नाहीच. पण तो कोमट ठेवून प्रचंड दाबला, की ना धड वायू राहतो, ना धड द्रव. ही अतिक्रांतिक अवस्था. मग तो वायूसारखा बारीक फटींत शिरतो आणि द्रवासारखा तिथलं तेल विरघळवून घेतो."

दाब सोडला की वायू पुन्हा टाकीत जातो आणि मागे निव्वळ अर्क राहतो. झालंही तसंच. बशीत पिवळसर तेलाचा ठिपका उरला आणि खोलीभर आईच्या स्वयंपाकाचा वास सुटला. ऋजुताला रडू आवरेना. अशा वेळी काय करावं हे ठोकळोबाला कुणी शिकवलं नव्हतं. तो नुसता जवळ उभा राहिला.

मग आलं वर्णलेखन (मिश्रणातले घटक वेगळे करण्याची रीत). अर्काची वाफ करून ती केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून सोडली. प्रत्येक संयुग आपल्या चालीने जातं, त्यामुळे सगळी वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि ओळखू येतात. पडद्यावरच्या आलेखात एकेका संयुगाचं शिखर उमटू लागलं. लवंग, दालचिनी, धणे. एका शिखराशी ठोकळोबा थबकला.

"मसाल्यात भेसळ आहे. हे संयुग लायकेनचं (बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला जीव). ते खडकावर वाढतं. खाऊ नकोस."

ऋजुताचं डोकंच फिरलं. आई एकेक धणा निवडून घ्यायची, आणि तिच्या मसाल्यात भेसळ? तणतणत ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"खडकावर म्हणजे दगडावरच ना?"

"हो."

"अरे ठोकळ्या, तेच दगडफूल. नाव फुलाचं, पण ते फूलच नाही. मी आणि ते कोठाराचं यंत्र उगाच फुलांत शोधत बसलो."

तिने कोठाराच्या यंत्राकडे आता मसाल्याचं लायकेन मागितलं. पुढच्या यानाने पाकीट येईल, असं उत्तर लगेच आलं.

बाबा परतले तेव्हा तिने उरलेला सगळा मसाला आमटीत घातला होता. पहिल्याच घासाला बाबांचा हात थांबला. आई गेल्यापासून दोघं तिच्याविषयी बोललेच नव्हते. ऋजुताने त्यांना सगळं सांगितलं, अगदी भेसळीसकट.

"दगडफूल जास्त भाजलं की कडू होतं," बाबा हळूच म्हणाले. "एकदा तिने मला भाजायला दिलं होतं, तर मी पार जाळून टाकलं."

ऋजुताच्या आत्ता ध्यानात आलं. म्हणजे बाबांना दगडफूल ठाऊक होतं. तिने त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

"या खेपेला दोघं मिळून भाजू," बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी आमटीसाठी वाटी पुढे केली.